मरण, अपराधीपण आणि एकमेकांत अडकलेली माणसं: खानदेशातून पहिली कादंबरी लिहिणाऱ्यांसाठी

जळगाव, धुळे, नंदुरबारकडून लिहू पाहणारी मुलंमुली भेटली की एक प्रश्न हमखास येतो. घरात किंवा गावात एक मरण झालेलं असतं, त्याची टोचणी कुणाला ना कुणाला लागलेली असते आणि ते सगळं कादंबरीत आणायचं असतं. सुरुवात कुठून करायची, कुणाच्या तोंडून सांगायचं, कागदपत्रं कुठली पाहायची, छापायचं कसं, हे सांगणारं कुणी जवळ नसतं. मी पहिल्या ओळीपासून छापील प्रतीपर्यंत या वाटेनं गेले आहे. तुमचे हेलपाटे वाचावेत म्हणून हे क्रमानं लिहिते आहे.

समजायला सोपं जावं म्हणून एकच कथा शेवटपर्यंत धरते. ती सगळी कल्पनेतली आहे. यावल-रावेर पट्ट्यातलं केळीचं गाव. आखाजीची, म्हणजे अक्षय्य तृतीयेची रात्र. एक सालदार, म्हणजे वर्षाच्या बोलीवर शेतात राबणारा गडी, मळ्यातली मोटार चालू करायला जातो आणि स्टार्टरपाशी विजेचा धक्का बसून मरतो.

१. मरण आधी ठरवा, आणि ते सुरुवातीलाच घडू द्या

नवखा लेखक मरण शेवटासाठी राखून ठेवतो. दोनशे पानं वाचकाला त्या माणसावर माया लावायची आणि मग त्याला मारायचं. अशानं वाचक रडतो, पण कादंबरी तिथंच संपते. दुःखाच्या कादंबरीत खरी गोष्ट मागे राहिलेल्यांची असते. म्हणून मरण पहिल्या वीसेक पानांत आटपा. उरलेली पानं जिवंत माणसांची.

ते कसं घडलं हे मात्र तुम्हाला बारकाईनं माहीत हवं, मग पानावर त्यातलं चार ओळीच येवोत. आपल्याकडे शेतीपंपाची थ्री फेज लाइन पाळीपाळीनं येते, कधी दिवसा, कधी रात्री. वैशाखातल्या उन्हात केळीचं पाणी चुकवता येत नाही, म्हणून रात्रीची पाळी आली की माणूस रात्रीच जातो. स्टार्टरची पेटी कुठं आहे? शेडमध्ये की उघड्यावर, लिंबाच्या खोडाला ठोकलेली? खाली ओल आहे का? पायात चप्पल होती का? फ्यूजच्या जागी तार कुणी गुंडाळली होती? हे प्रश्न वायरमनला विचारा, मोटार बांधणाऱ्या मिस्त्रीला विचारा. पुढच्या पायरीत ज्या अपराधीपणाबद्दल बोलणार आहोत, ते याच तपशिलांत दडलेलं असतं.

२. अपराधाची वही घाला

माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची पायरी हीच, आणि बहुतेकजण हीच गाळतात. एक शंभर पानी वही घ्या. प्रत्येक पात्राला एक पान. त्यावर चार गोष्टी लिहा: त्यानं प्रत्यक्षात काय केलं किंवा करायचं टाळलं, त्याला स्वतःला काय वाटतं, ते आणखी कुणाला माहीत आहे, आणि तो ते कुणापासून लपवतो.

आपल्या कथेत हे असं येईल.

मालकानं सोललेली केबल पाहिली होती. केळीचे पैसे आले की बदलू, असं म्हणून त्यानं ते पुढं ढकललं. हे सालदाराला माहीत होतं, पण तो आता नाही. मालकाच्या धाकट्या मुलानं फ्यूज उडतो म्हणून तिथं जाड तार बांधली, आणि हे त्यानं कुणालाच सांगितलेलं नाही. बापाला वाटतं केबलनं मारलं, मुलाला वाटतं तारेनं. एकाच घरात, एकाच ताटावर बसून दोघं एकमेकांना वाचवत आहेत आणि दोघांनाही ते कळलेलं नाही. वायरमनला संध्याकाळी दोनदा फोन गेला होता. आखाजीला गावोगाव पत्त्यांचे डाव रंगतात, तोही एका डावात बसला होता. फोन वाजलेला त्यानं पाहिला आणि उलटा ठेवला. माहेरी आलेली मालकाची लेक दुपारी सहज म्हणाली होती, ‘पाणी नाही दिलं तर बाग करपेल, दादा.’ तिला ते एक वाक्य झोपू देत नाही. आणि सालदाराच्या बायकोचं त्याच्याशी सकाळी भांडण झालं होतं. तिला यंदा दुसऱ्या मालकाकडे जायचं होतं.

पाहा, खरा दोषी कोण हे मी कुठंच म्हटलेलं नाही. तुम्हीही म्हणू नका. प्रत्येकाला वाटतं आपल्यामुळे झालं, आणि प्रत्येकाकडे त्याचा थोडाथोडा पुरावा असतो. कुणाचाच पुरावा पूर्ण नसतो. माणसं एकमेकांना बांधली जातात ती या अर्धवट पुराव्यानं. नात्यागोत्यानं बांधलेली माणसं कादंबरीत नुसती यादी होऊन राहतात. एकाचं गुपित दुसऱ्याच्या हातात गेलं की मगच त्यांना एकमेकांपासून सुटता येत नाही.

इथले दोन सापळे सांगते. एक खलनायक उभा करण्याचा. निर्दयी मालक, गरीब सालदार अशी मांडणी केली की वाचक पहिल्याच प्रकरणात निवाडा देऊन मोकळा होतो. दुसरा योगायोगांचा. वायरमनच्या मुलीचं लग्न सालदाराच्या भावाशी ठरलेलं, आणि तो भाऊ नेमका मालकाच्या दुकानात कामाला, असं करू नका. एक योगायोग वाचक सोसतो. तोही मरणाच्या आधीचा असावा, नंतरचा नसावा.

३. आपल्या मुलखाचं पंचांग कामाला लावा

मरण आखाजीलाच का ठेवलं ते सांगते, कारण इथं आपल्या मुलखानं लेखकाला फार मोठं भांडवल दिलं आहे.

आखाजी, म्हणजे वैशाख शुद्ध तृतीया, आपल्याकडे दिवाळीच्या तोडीची. सासुरवाशिणी माहेरी येतात, झाडाला झोके बांधले जातात, गौराईची गाणी होतात. त्याच दिवशी सकाळी घरात पितरांची घागर भरतात, पुरणपोळी आणि आमरसाचा नैवेद्य होतो, निखाऱ्यावर आगारी, म्हणजे पितरांच्या नावानं नैवेद्याचा घास टाकतात. गेलेल्यांना जेवू घालायचं आणि लेकींनी झोक्यावर बसायचं, एकाच अंगणात, एकाच दिवशी. दुःखाची कादंबरी लिहिणाऱ्याला याहून काय हवं?

तिसरी गोष्ट त्याहून मोलाची. सालदाराचं साल आखाजीला संपतं आणि तिथूनच नवं सुरू होतं. जुना हिशेब होतो, उचल, म्हणजे आगाऊ घेतलेले पैसे, किती फिटली ते ठरतं, नव्या सालाचा बोल होतो. आता आपल्या कथेकडे या. जुनं साल संपलेलं, नव्याचा बोल अजून झालेला नाही. त्या रात्री तो कुणाचा माणूस होता? केवळ बाग सुकू नये म्हणून, सांगितलं नसताना गेलेला. मालकाचा भाऊ ओट्यावर सगळ्यांसमोर म्हणतो, ‘तो काल आपला सालदार नव्हताच.’ व्यवहारानं त्याचं म्हणणं खरं आहे, आणि त्या एका वाक्यानंतर मालकाला घास गिळता येत नाही. हा पेच बाहेरचा लेखक कितीही हुशार असला तरी त्याला सुचणार नाही. तुम्हाला सुचू शकतो, कारण तुम्ही ते हिशेब होताना पाहिलेत.

कादंबरीचा काळही यातून आपोआप मिळतो: आखाजी ते आखाजी. मध्ये दारावर भेटायला येणारी माणसं, दहावा, सुतक संपल्यावरची गंधमुक्ती, श्रावणातला कानबाई या देवीचा सण, दिवाळी, आणि वर्षानं पुन्हा घागर. प्रत्येक टप्प्यावर एक प्रकरण ठेवलं तरी सांगाडा उभा राहतो. सगळे सण घालायचा हट्ट मात्र नको. ज्या सणाला गेलेल्याची जागा रिकामी दिसते, तेवढाच घ्या. कानबाईचे रोट भाऊबंद मिळून खातात. मालकाचं आणि त्याच्या भावाचं बोलणं तुटलं असेल तर ती रात्र घ्या, नाहीतर सोडून द्या.

४. माणसं कुठं समोरासमोर येतील ते नकाशावर लावा

गुंतलेल्या आयुष्यांची कादंबरी फसते ती बहुतेक इथं, कारण पात्रं एकमेकांना भेटतच नाहीत, नुसती आठवत बसतात. त्यांना तोंड चुकवता येणार नाही अशा जागा शोधा. एसटीतलं दोघांचं बाकडं. भुसावळ जंक्शनवर गाडीची वाट पाहणं, जिथून एक मार्ग खंडव्याकडे आणि दुसरा नागपूरकडे फुटतो. केळी भरताना ट्रकपाशी उभी टोळी. तालुक्याच्या सरकारी दवाखान्याबाहेरचा कट्टा, जिथं शवविच्छेदन होईपर्यंत दोन्हीकडची माणसं तासन्‌तास एकाच सावलीत बसतात. तो कट्टा पूर्ण प्रकरणाचा ऐवज आहे. चहा कोण आणतं, कोण नाकारतं, गाडीभाडं कोण देतं, एवढ्यावर लिहा.

काळाचाही नकाशा करा. नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ ला झाला. तुमची गोष्ट त्याआधीची असेल तर नंदुरबार, शहादा, तळोदा धुळे जिल्ह्यातच राहतील आणि जिल्हा कोर्टाच्या कामाला माणूस धुळ्याला जाईल. मोबाइल नसलेल्या काळात वायरमनला फोनही जाणार नाही, कुणीतरी सायकल हाणावी लागेल, आणि मग त्या सायकलवाल्याची टोचणी वेगळीच असेल.

५. कागद बघा

अपघाती मरणामागे कागदांची रांग लागते. रडण्याचं वर्णन जिथं थिटं पडतं, तिथं एक कागद पुरतो. ही यादी घ्या आणि गावातला तलाठी, पोलीस पाटील, ओळखीचे वकील यांच्याकडून कोरे नमुने समजून घ्या. कुणाच्या खऱ्या मरणाचे कागद मागू नका.

- अकस्मात मृत्यूची नोंद आणि घटनास्थळाचा पंचनामा. १ जुलै २०२४ पासून ही चौकशी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९४ खाली होते; त्याआधी फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १७४ होतं. कादंबरीचं साल कोणतं, त्याप्रमाणे कलम लिहा.
- शवविच्छेदनाचा अहवाल.
- विद्युत निरीक्षकाचा अहवाल. मीटरच्या पुढची वायरिंग ग्राहकाची जबाबदारी असते, हे आपल्या मालकाला इथं कळतं.
- मृत्यूची नोंद. ती २१ दिवसांत करायची असते.
- सातबारा, आणि मालक गेला असता तर वारस नोंदीचा फेरफार.

शेवटच्या ओळीपाशी जरा थांबा. शेतकऱ्याच्या अपघाती मृत्यूला राज्य सरकारच्या गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेतून २ लाख रुपये मिळतात. विजेचा धक्का त्यात धरतात. पण योजना सातबाऱ्यावर नाव असलेल्या शेतकऱ्यासाठी आणि त्याच्या कुटुंबातल्या एका सदस्यासाठी आहे. भूमिहीन सालदाराचं नाव कुठल्याच सातबाऱ्यावर नसतं. त्याच जागी, त्याच पेटीला मालकाचा हात लागला असता तर घराला पैसे मिळाले असते. मालक तलाठ्याकडून हे ऐकतो, ते दृश्य लिहून बघा. त्यात ‘अपराधी’ हा शब्द एकदाही येऊ देऊ नका.

पंचनाम्याची भाषाही कान देऊन वाचा. त्या कोरड्या ओळीत मेलेल्या माणसाच्या अंगावरचे कपडे, खिशातली तंबाखूची पुडी, हातातली टॉर्च, सगळं नोंदलेलं असतं. त्यातली एखादी वस्तू उचला आणि कादंबरीभर फिरू द्या.

६. बोली: जेवढी येते तेवढीच

खानदेशात एकच बोली नाही. धुळ्याकडे आणि जळगावच्या पश्चिम भागात अहिराणी, रावेर-यावलकडे लेवा गणबोली, सातपुड्याच्या पायथ्याला पावरी आणि भिली. पात्र कुठल्या गावचं, कुठल्या घरातलं, यावर त्याचं बोलणं ठरतं. मालकाच्या घरात अहिराणी घातली तर यावलचा वाचक तिथंच पुस्तक मिटेल.

निवेदन प्रमाण मराठीत आणि संवाद बोलीत, ही वाट नवख्याला सोयीची. पात्राचं बोलणं उच्चाराप्रमाणे लिहायला शुद्धलेखनाच्या नियमांतच मुभा आहे, तेव्हा मुद्रितशोधकानं ‘काय व्हयनं?’चं ‘काय झालं?’ केलं तर निश्चिंतपणे परत फिरवा. अर्थ संदर्भातून कळू द्या. तळटीपांची रांग लावू नका.

सालदार पावरा समाजातला असेल आणि तुम्हाला पावरी येत नसेल, तर दोनचार शब्द गोळा करून पेरू नका. त्याची बायको मालकाच्या अंगणात मोडक्या मराठीत किती कमी बोलते, ते लिहा. तिचं मोकळं बोलणं तुम्हाला दाखवायचंच असेल तर ती बोली बोलणाऱ्या माणसाकडून ते प्रकरण वाचून घ्या. तिच्या दुःखाला तुमच्या अंदाजाची भाषा देणं मला अन्यायाचं वाटतं.

७. लिहा, आणि मग भावनांची नावं खोडा

पहिला खर्डा वेगानं लिहून काढा. चाळीस ते साठ हजार शब्दांची कादंबरी पहिल्या पुस्तकाला पुरे. टायपिंग पहिल्या दिवसापासून युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही संगणकावर किंवा फोनवर अक्षरं तशीच दिसतात. फोनवर बोलून टाइप करता येतं, पण बोली त्याला कळत नाही. प्रत दोन ठिकाणी जपा.

दुसऱ्या खर्ड्यात लाल पेन घ्या आणि ‘दुःख’, ‘अपराधी’, ‘पश्चात्ताप’, ‘पोकळी’, ‘हुंदका’, ‘डोळे पाणावले’ जिथं जिथं आहेत तिथं खूण करा. बहुतेक जागी त्याच्याबदली एक कृती किंवा वस्तू बसते. उदाहरण देते.

आधीचं: ‘नवऱ्याच्या आठवणीनं तिचं मन भरून आलं होतं. मालकाच्या दारात तिला बोलवेना. मालकालाही अपराधी वाटत होतं.’

नंतरचं: ‘चौथ्या दिवशी ती ओट्यापाशी आली. वर चढली नाही. पदराखालून टॉर्च काढून पायरीवर ठेवली. “तुमची आहे,” म्हणाली. “सेल नवे आहेत.” मालकानं टॉर्च उचलली नाही. संध्याकाळपर्यंत ती तिथंच होती, येणारा-जाणारा तिला ओलांडून जात होता.’

टॉर्च पंचनाम्यातून आली, हे लक्षात आलं असेल. मात्र सगळीकडे असं करत सुटू नका. एखाद्या पात्रानं कधीतरी सरळ ‘माझी चूक झाली’ म्हणावं, वाचकाला त्याचीही गरज असते. ते वाक्य कादंबरीत एकदाच यावं, आणि ज्याला ऐकवायचं त्याच्यासमोर यावं.

८. खऱ्या माणसांना जपा

गावात घडलेलं जसंच्या तसं लिहिलं आणि फक्त नावं बदलली, तर गाव ओळखतंच. अब्रुनुकसानीचा दावा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ खाली होऊ शकतो. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे ज्या बाईचा नवरा गेला तिला गावात राहायचं आहे. धंदा, नातं, मरणाची रीत, गाव, यातल्या निदान तीन गोष्टी बदला. तुमच्या स्वतःच्या घरातलं मरण असेल तर छापण्याआधी घरातल्या सगळ्यात जवळच्या माणसाला वाचू द्या, आणि त्यानं एखादं पान काढ म्हटलं तर वाद न घालता त्यावर आठवडाभर विचार करा.

९. पहिले वाचक

तिघं पुरेत. एक शेतीतला, जो मोटार-स्टार्टरची चूक पकडेल. एक तुमच्या बोलीचा. आणि एक तुम्हाला न ओळखणारा. तिसरा मिळत नसेल तर तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या वाचनालयात जा; जळगावचं व. वा. वाचनालय १८७७ पासून उभं आहे, अशा जागी रोज येऊन वाचणारी माणसं भेटतात. त्यांना ‘कशी वाटली?’ विचारू नका. ‘कुठं कंटाळलात? कुणाचा राग आला?’ विचारा. सगळ्यांना एकाच पात्राचा राग आला, तर अपराधाच्या वहीत त्या पात्राचं पान अपुरं आहे.

१०. प्रकाशकाकडे जाताना

सोबत काय हवं:

- युनिकोडमधली अंतिम प्रत आणि तिची पीडीएफ
- एका पानाचा सारांश, शेवटासकट
- पहिली तीन प्रकरणं छापून
- पाच ओळींत स्वतःची ओळख

पहिलंच पुस्तक असेल तर महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना पाहा. अर्जाची मुदत मंडळाच्या जाहिरातीत येते. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, विनामूल्य मिळतो, त्यासाठी कुणी वेगळे पैसे मागितले तर देऊ नका. स्वामित्वहक्क लिहिल्याबरोबर तुमचाच होतो, नोंदणी सक्तीची नाही. तो लेखकाच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो.

‘पुस्तक काढून देतो, एवढे भरा’ म्हणणारे खूप भेटतील. स्वखर्चानं पुस्तक काढण्यात कमीपणा नाही, पण तसं असेल तर छापलेल्या सगळ्या प्रती तुमच्या मालकीच्या असल्या पाहिजेत. प्रती किती छापणार, कागद कोणता, मुद्रितशोधन कोण करणार, विक्रीचा हिशेब कधी मिळणार, हे आधी कागदावर घ्या. प्रकाशक स्वतःच्या पैशानं काढत असेल तर करारात मानधनाचा टक्का, आवृत्तीच्या प्रती आणि मुदत पाहा. हक्क लेखी कराराशिवाय दुसऱ्याकडे जात नाहीत, आणि करारात मुदत लिहिलेली नसेल तर कायदा ती ५ वर्षं धरतो. अनुवाद, ऑडिओबुक आणि चित्रपट यांचे हक्क त्याच एका ओळीत ‘सर्व हक्क’ म्हणून जात नाहीत ना, हे सही करण्याआधी तपासा. समजलं नाही तर करार घरी आणा, वकिलाला दाखवा. दोन दिवसांची सवड न देणाऱ्या प्रकाशकाकडे पुस्तक देऊ नका.